सात दहावरून टाकलेली बास्केट

गेल्या डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी सव्वाचारच्या सुमारास, माजरीच्या खाण कॉलनीतल्या बास्केटबॉल कोर्टवर चालू सामन्यात देवराव खिरटकर शिरले आणि त्यांनी टेप लावली. सामना मुलींचा होता, माजरी विरुद्ध घुग्घुस. संपायला चाळीस सेकंदं उरली होती. खेळ अकरा मिनिटं थांबला.

घुग्घुसच्या एका मुलीने डाव्या बाजूने, रेषेबाहेरून, बास्केट टाकली होती आणि पंचांनी तीन बोटं वर केली होती. देवराव बाहेर खुर्चीवर बसले होते. ते उठले, चपला काढल्या आणि आत गेले. कोर्टवर चपला घालून जायचं नाही हा त्यांचा नियम आहे. सामना अडवतानाही तो त्यांनी मोडला नाही.

"रेष खोटी आहे," ते पंचांना म्हणाले.

"काका, बाहेर व्हा."

"मी बाहेरच होतो. रेष आत आली, म्हनून याव लागलं."

पंच चंद्रपूरहून आलेला तरुण होता. त्याला देवराव माहीत नव्हते. त्याने शिट्टी वाजवली. देवरावांनी खिशातून ओळंबा काढला, कडेला पडलेल्या बांबूच्या टोकाने त्याची दोरी रिंगमध्ये अडकवली आणि लोंबतं शिसं स्थिर होईपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिले. मग टेपचं एक टोक माजरीच्या प्रशिक्षक रंजना मॅडमच्या हातात दिलं आणि दुसरं रेषेपर्यंत ओढत नेलं. मॅडमनी ते का धरलं, हे त्यांना अजून सांगता येत नाही.

रेषा सात सेंटीमीटर जवळ निघाली. स्पर्धेसाठी ती नव्याने रंगवून घेतली होती. रंगवणाऱ्याने जुन्या रेषेच्या आतल्या कडेला ब्रश धरला होता. मुलीचा पाय रंगवलेल्या रेषेबाहेर आणि खऱ्या रेषेवर होता. माजरीच्या बाजूने टाळ्या पडल्या. कोणीतरी "सव्वासहा काकाचा विजय असो" असंही ओरडलं.

देवराव थांबले नाहीत. टेप ओढत ते उजवीकडे गेले, वाकले आणि उठले.

"इकडं बी सात कमी. आपल्या पोरींच्या पहिल्या हाफातल्या दोन बास्केटा बी गेल्या."

टाळ्या बंद झाल्या.

"अबे, बुढ्याले बाहेर काढा रे!"

"घुग्घुसवाल्यायनं चहा पाजला वाटते!"

पंचांनी दोन्ही हरकती फेटाळल्या. उरलेली चाळीस सेकंदं खेळवली गेली. माजरी तीन गुणांनी हरली.

देवराव खिरटकर बासष्ट वर्षांचे आहेत. खाणीच्या सर्व्हे विभागात ते चेनमन होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. चेनमनचं काम सोपं सांगता येतं. सर्व्हेअर दुर्बिणीमागे उभा राहतो आणि चेनमन टेपचं टोक घेऊन खाणीत उतरतो. खुंटी ठोकायची, टेप ताणायची, आकडा ओरडून सांगायचा. खाणीच्या नकाशावर सर्व्हेअरची सही असते. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं, ते नकाशावर नसतं. हे टोक देवरावांनी सदतीस वर्षं धरलं.

मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढलो. नंतर चंद्रपूरच्या दैनिकांत नोकरी केली आणि परत त्याच ओळीत राहायला आलो. ते मला नावाने हाक मारत नाहीत, "पत्रकार" म्हणतात. माझी बातमी छापून आली की त्यात किती लांबी-रुंदी आहे ते आधी पाहतात. 'सुमारे' हा शब्द दिसला की पेपर घेऊन येतात.

"सुमारे दोनशे लोकं म्हंजे किती?"

"दोनशेच्या आसपास."

"बोलू नको. टेप लाव."

हे त्यांचं पालुपद आहे. टेप लावता येण्यासारखं काही नसेल तरी ते हेच म्हणतात. भिंतीवरून भांडण झालं, टेप लाव. भाजीवाल्याने दुधी लहान दिला, टेप लाव. वरोऱ्याला डोळे तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. देवरावांनी आधी खुर्चीपासून तक्त्यापर्यंत पावलं टाकली आणि सांगितलं की हा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो आणि खुर्ची साडेपाचवर आहे. डॉक्टर भले होते. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. देवरावांना खालच्या दोन ओळी दिसेनाशा झाल्या आणि चष्म्याचा नंबर वाढला. तो चष्मा ते अभिमानाने वापरतात.

मुलीच्या लग्नातली गोष्ट त्यांच्या पत्नी सुमनबाई सांगतात. "पोरीचा मामा अक्षता घेऊन उभा, भटजी घड्याळ पायते, अन् हे खाली टेप घेऊन बसले. म्हने, नवऱ्याचा पाट आंतरपाटापासून दूर आहे अन् आपल्या पोरीचा जवळ आहे. दोघायचं सारखं पाहिजे." पाट सरकवले गेले. नवरदेवाकडच्यांना वाटलं, ही खिरटकरांकडची रीत असेल. दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा मंगलाष्टकांआधी त्यांनीही दोन्ही पाट मोजले. मी त्या लग्नात होतो. टेप नव्हती, सुतळीने मोजलं.

त्यांचं 'सव्वासहा' हे नाव मात्र कोर्टवरून पडलं. तीन गुणांची रेषा बास्केटबॉलमध्ये नव्याने आली तेव्हा ती सव्वासहा मीटरवर होती. आमच्याकडे ती दोन-तीन वर्षं उशिराने पोचली आणि माजरीच्या कोर्टवर ती चुन्याने पहिल्यांदा देवरावांनी आखली. पुढे नियम बदलला आणि रेषा अर्धा मीटर मागे गेली. देवरावांनी नवी रेषा पांढऱ्या रंगात काढली आणि जुनीवर पिवळा रंग दिला. सर्व्हेत जुनी खूण पुसत नाहीत, नवी बाजूला टाकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या कोर्टवर दोन कमानी आहेत. बाहेरगावचे खेळाडू आले की पिवळीच्या मागे उभे राहून खुशीत तीनसाठी टाकतात आणि पंच दोनच देतात.

कोर्टच्या कडेला सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळी तिथे निवृत्त मंडळी बसतात. वर्कशॉपचे, डंपरचे, स्टोअरचे. हल्लीच्या खेळावर बहुतेकांचा राग आहे. पूर्वी चेंडू हातोहात रिंगपर्यंत जायचा. उंच माणूस खाली उभा असायचा, त्याच्याकडे चेंडू पोचला की काम झालं. आता पाचही पोरी रेषेबाहेर पसरतात, चेंडू या टोकाकडून त्या टोकाकडे फिरतो आणि जिच्यासमोर कोणी नाही ती तिथूनच उचलते. उंच मुलगीसुद्धा बाहेर येऊन टाकते.

"हे काय खेळनं झालं? जवळ जातच नाई कोनी."

"जवळ जाऊन काय करतो?" देवराव विचारतात. "बोरं पाडायले झाडावर चढतो का तू? खालून दगडच मारतो नं?"

"दगडाचे तीन गुन देते का कोनी?"

"लांबून मारनं सोपं असतं तं तू नाई मारलं काऊन, जवान होता तेव्हा?"

बाकावर या बाजूने बोलणारे ते एकटे. रंजना मॅडम शाळेत पीटी शिकवतात, रोज संध्याकाळी मुलींना रेषेबाहेरच्या पाच जागांवरून टाकायला लावतात. उंची नसलेल्या मुलींना त्यामुळे संघात जागा मिळाली. त्यांच्यातली एक पाच फुटांचीही नाही आणि जिल्ह्यात तिच्यासमोर दोघी-दोघी उभ्या करतात. चेंडू तिच्या हातून सुटला की देवराव बाकावरून थोडे उठतात. तो रिंगमध्ये पडला की बसतात.

एकच तक्रार ते करतात. सगळ्या मुली बाहेर गेल्या की रिंगखालची जागा रिकामी राहते. ती त्यांना बघवत नाही. "खाली कोनीतरी पायजे," ते मॅडमना सांगतात. "तिथी एक जन उभा पायजे."

"काका, आता तसं खेळत नाहीत. खाली उभं राहिलं की गर्दी होते, बाहेरच्यांना वाट मिळत नाही."

"होऊ दे गर्दी. एक जन पायजे."

हे ऐकून मॅडम पुढे निघून जातात. खाली कोण पाहिजे होतं, ते बाकावरच्या सगळ्यांना माहीत होतं. कॉलनीत ही हकिकत न ऐकलेला माणूस नाही. मी ती किमान चाळीस वेळा ऐकली आहे आणि तपशील कधी बदललेला नाही, म्हणून इथे देतो.

देवराव विशीत असताना चंद्रपूरच्या एका क्लबकडून खेळायचे. त्यांच्या संघात कुरखेड्याकडचा दसरू मडावी नावाचा मुलगा होता. गावाकडे धानाची शेती, जंगलातलं वेचणं. शिकायला म्हणून चंद्रपूरला वसतिगृहात राहिलेला, सहा फूट दोन इंच. दसरू रिंगखाली उभा राहायचा आणि देवराव बाहेरून टाकायचे. त्या काळी बाहेरून टाकण्याला वेगळी किंमत नव्हती. कुठूनही टाका, दोनच गुण. देवरावांनी लांबून टाकली की कोच त्यांना बाहेर बसवायचे. मग हरायला लागले की परत आत घ्यायचे.

खाणींच्या भागातल्या संघांची एक स्पर्धा होती. जिंकणाऱ्या संघातल्या पाचही जणांना खाणीत खेळाडू म्हणून घेणार, अशी चर्चा होती. चर्चाच, तसा कागद मी पाहिलेला नाही. क्लबच्याच कोर्टवर झालेल्या अंतिम सामन्यात देवरावांचा संघ दोन गुणांनी मागे होता. शेवटची काही सेकंदं. चेंडू देवरावांच्या हातात आला. दसरू खाली मोकळा होता, त्याने हात वर केला होता. देवरावांनी दिला नाही. होते तिथून टाकली आणि ती गेली.

दोन गुण. बरोबरी. वाढीव पाच मिनिटांत संघ हरला.

महिन्याभराने खाणीतून एकच पत्र आलं, ते देवरावांना. निवड करणाऱ्या साहेबांच्या ती लांबची बास्केट लक्षात राहिली होती. दसरू कुरखेड्याला परत गेला. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही.

काही वर्षांनी तीन गुणांची रेषा आली. नियमाचं पुस्तक अजून माजरीत पोचलं नव्हतं. रेषा सव्वासहा मीटरवर असते, एवढंच कळलं होतं. देवराव त्याच रविवारी खात्याची टेप घेऊन चंद्रपूरला गेले. क्लबच्या कोर्टच्या कडेने जाणाऱ्या गटारावर एक लोखंडी झाकण होतं. बास्केट टाकताना त्यांची टाच त्या झाकणाला लागली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी खांबापासून झाकणापर्यंत टेप लावली.

सात मीटर दहा.

"म्हंजे?" ते गोष्ट इथे आणून थांबतात आणि समोरच्याला विचारतात. "म्हंजे तीन. म्हंजे एका गुनानं आपुन जिकलो होतो. पाचही जन. दसरू बी. नियम तेवढा उशिरा आला."

रेषा मागे सरकली तेव्हाही त्यांना चिंता वाटली नाही. पावणेसात झाली तरी सात दहा बाहेरच होतं. दरम्यान ते कोर्ट खणून तिथे इमारत उभी राहिली. आकडा त्यांनी पुन्हा तपासला नाही, कारण तो त्यांनीच मोजला होता.

डिसेंबरच्या सामन्यानंतर काय झालं, ते दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नव्हतं. सामना संपला, घुग्घुसची गाडी गेली. रंजना मॅडमच्या मुली रडत होत्या. देवराव बाकाजवळ टेप पुसून गुंडाळत होते, मी शेजारी होतो. मॅडम त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता.

"काका, तुम्ही आज ओळंबा सोडून मोजलं. रिंगच्या मधोमध, खाली जमिनीवर जो बिंदू येतो, तिथून."

"तिथूनच मोजतेत. नियम आहे."

"मग चंद्रपूरची ती तुमची बास्केट कुठून मोजली होती?"

"खांबापासून."

"खांबापासून?"

देवरावांनी टेप गुंडाळणं थांबवलं.

बास्केटबॉलचा खांब आणि रिंग यांच्यात अंतर असतं. कुठे फळी खांबाला चिकटून ठोकलेली असते, कुठे ती लोखंडी हातावर मीटरभर पुढे आलेली असते. फळी चिकटून असेल, तर सात दहामधून अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर वजा करायचं; बास्केट सव्वासहाच्या बाहेर राहते. फळी पुढे आलेली असेल, तर दीड मीटरहून जास्त जातं. मग ती बास्केट कुठल्याच रेषेबाहेर नव्हती. तेव्हाही दोनच गुणांची होती आणि आजही.

हा हिशेब मॅडमनी बोलून दाखवला नाही. देवरावांनी तो उभ्या उभ्या केला, हे मात्र दिसत होतं. सर्व्हेच्या माणसाची सवय असते, मोजणी ठोकलेल्या, न हलणाऱ्या वस्तूपासून सुरू करायची. खांब हलत नाही. ते खांबापासून निघाले होते.

"फळी कशी होती?" मी विचारलं.

त्यांना आठवेना. लांबून टाकणाऱ्याला रिंग दिसते. मागचा खांब त्याने कधी पाहिलेला नसतो.

त्यानंतर जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. बाकावर कोणीतरी लांबच्या बास्केटीवरून चिडवलं तरी त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या एका बातमीत 'सुमारे' हा शब्द तीन वेळा आला, ते पेपर घेऊन आले नाहीत. सुमनबाई मला म्हणाल्या, "घरात पडदे शिवून आणले, एक लांब एक आखूड. यायनं पाह्यलं अन् काई नाई म्हनलं. तब्येत पायता का कोनाले दाखवून?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात देवराव स्वतः आले.

"पत्रकार, मानूस शोधता येते का तुले?"

"कोण?"

"दसरू. तो खालीच राहे. त्याले मालूम असन, फळी कशी होती."

कुरखेड्याच्या आमच्या वार्ताहराला मी फोन केला. अर्ध्या तासात त्याचा उलट फोन आला. दसरू मडावी हयात आहे, कुरखेड्यापासून सहा किलोमीटरवर गावातच राहतो, तीन एकर धान आहे, फोन नाही, सुनेकडे आहे.

"एवढं सोपं होतं?" देवराव म्हणाले.

आम्ही मंगळवारी पहाटेच्या गाडीने निघालो. चंद्रपूर, गडचिरोली, मग कुरखेडा. देवरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीशी बसून ते रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहत होते आणि ओठ हलत होते. आरमोरीच्या पुढे मोहाची झाडं सुरू झाली. झाडांखाली पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली, बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दसरूच्या अंगणात पोचलो. अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती. एक उंच, पाठीत वाकलेला माणूस काठीने ती खालीवर करत होता.

"कोन?"

"देवराव."

"कोनता देवराव?"

"चंद्रपूरचा. बास्केटवाला."

दसरूने काठी टेकली आणि नीट पाहिलं.

"जोहार," तो म्हणाला. "ये. मोहावर पाय नको देऊ."

खाट टाकली गेली. सुनेने पाणी आणलं, मग काळा चहा. दसरूने देवरावांच्या डोक्याकडे पाहून विचारलं, केस कुठी ठेवून आला. देवरावांनी विचारलं, तू बुटका झाला काऊन. दोघंही हसले. मग मोहाचं बोलणं झालं, यंदा फूल कमी आहे. धानाचं झालं. रानडुकरांचं झालं. खाणीत किती वर्षं केली, ते झालं. साडेबारा वाजले तेव्हा देवरावांनी चहाचा रिकामा कप खाटेखाली ठेवला.

"दसरू, एक सांग. चंद्रपूरच्या कोर्टवर फळी खांबाले चिकटून होती का पुढं होती?"

"कोनती फळी?"

"बोर्ड बे, रिंगचा. तू खालीच उभा राहे नं. तुले मालूम असन."

"खाली राहो, तं वर पाहो. खांब कोन पाहे?"

देवरावांनी काठी मागून घेतली आणि मोहाच्या कडेला, मातीत, खांब काढला, रिंग काढली, गटाराचं झाकण काढलं. तीन गुणांची रेषा काय असते, ते सांगितलं. दसरूने रेषेबद्दल ऐकलं होतं. गावातल्या आश्रमशाळेत मुलं खेळतात. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चिकटून असन तं?"

"तं तीन. आपुन जिकलो."

"अन् पुढं असन तं?"

"तं दोन."

"तं हरलो."

"हो."

दसरूने मातीतल्या आकृतीकडे पाहिलं. "हरलो तं होतोच नं आपुन," तो म्हणाला.

देवरावांनी मान हलवली.

"मी हात वर केला होता, तुले दिसला होता का?" दसरूने विचारलं.

"दिसला होता."

"मंग?"

"मले वाटलं, माही जाते."

"गेली बी." दसरू हसला. "लांबून चांगला मारे तू. ते जाऊ दे. मी तुले एक इचारू का?"

"इचार."

"त्या दिवशी स्टँडवर तू म्हनला होता, कोनाले बी नोकरी लागो, येतो म्हनून. मले गाव दाखव म्हनला होता. मायनं कोंबडा राखला होता तुयासाठी. दिवाळी झाली, होळी झाली. कोनाले कापू नाई दिला तिनं. दोन वर्ष."

"मंग?"

"मंग काय, म्हातारा होऊन मेला कोंबडा. त्याले शिजवाव तं दात पायजे." आत सून हसल्याचं ऐकू आलं. दसरू हसला नाही. "आला काऊन नाई बे?"

देवरावांच्या हातात काठी तशीच होती.

"मले लागली, तुले नाई लागली," ते म्हणाले.

"ते मले मालूम होतं. पेपरात नाव आलं होतं. म्हनूनच तं वाट पायली."

"दूर आहे."

"किती दूर?"

"एकशे शहान्नव किलोमीटर."

दसरूने त्यांच्याकडे पाहिलं.

"एवढंच?"

सुनेने जेवायला हाक मारली. भात, वरण आणि हरभऱ्याची सुकी भाजी होती. जेवताना दसरूने त्यांच्या ताटात दोनदा भात वाढला आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. मोहफूल भिजलं की काळं पडतं, म्हणून घरातले सगळे ते गोळा करायला अंगणात उतरले. देवरावांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गुडघ्यांवर बसले. दसरू एका टोकाकडून येत होता, ते दुसऱ्या टोकाकडून. पाऊस आला नाही. मोह गोळा झाला होता, तो परत पसरला.

कुरखेड्याहून शेवटची सोयीची गाडी पाच वाजता होती. मी घड्याळ दाखवलं.

"तू जाय," देवराव म्हणाले. "मी उद्या येतो. पहाटे याच्यासंगं मोहावर जातो, पायतो कसं वेचतेत ते."

मी एकटा परतलो. बुधवारी ते आले नाहीत. गुरुवारी दुपारी दसरूच्या सुनेच्या फोनवरून त्यांनी सुमनबाईंना फोन केला आणि रक्तदाबाच्या गोळ्या पाठवायला सांगितल्या. किती, असं सुमनबाईंनी विचारलं. महिन्याच्या, असं ते म्हणाले. लग्नानंतर ते एकटे कुठे मुक्कामाला राहिल्याचं सुमनबाईंना आठवत नाही. घरी सगळं ठीक आहे का, हे त्यांनी विचारलं आणि फोन ठेवताना, तूही ये, असं म्हणाले.

शनिवारी सकाळी गोळ्यांचं पाकीट आम्ही कुरखेड्याला जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ दिलं. ते मिळाल्याचं सुनेने रविवारी सकाळी आठ वाजता फोनवरून कळवलं. दोघं म्हातारे तेव्हा घरी नव्हते. पहाटे चारलाच टोपली घेऊन जंगलात गेले होते.